काकवीच्या बरणीने उगवलेला सूड

मित्रांनो, मी एक जुनी बरणी आहे. लोणच्याची समजू नका. तो अपमान मी एकदा सोसलाय, पुन्हा सोसणार नाही. मी काकवीची बरणी! पोटाला पांढरी, गळ्याला तपकिरी, अंगानं ऐसपैस, आणि काठाला एके ठिकाणी टवका उडालेला. काकवी म्हणजे काय ते माहीत नसेल तर सांगते. उसाचा रस कढईत आटवताना त्याचा गूळ होण्याच्या थोडं आधी जो दाट, तांबूस, चिकट पाक तयार होतो, ती काकवी. आमच्याकडं ती भाकरीशी खातात. ज्यांनी कधी खाल्ली नाही त्यांची मला कीव येते.

तुमच्या शाळेच्या पुस्तकात छत्रीचं, फळ्याचं, नदीचं आत्मवृत्त असतं. ती सगळी बिचारी शेवटी डोळ्यांत पाणी आणून सगळ्यांना माफ करतात. मी तसली नाही. माझा पाणउतारा झाला आणि मी त्याचा सूड घेतला. मनासारखा घेतला. तो कुणावर उगवला, ते मात्र नीट ऐका.

एकेचाळीस वर्षांपूर्वी मी गवतात गुंडाळलेली इंदापूरच्या आठवडे बाजारात येऊन पडले. तिथं मला कळंबच्या एका शेतकऱ्यानं घेतलं, कारण त्याच्या लेकीचं, कुशाबाईचं, नुकतंच लग्न झालं होतं आणि ती पहिल्या माहेरपणाला आली होती. तिच्या भावाचं, मोहनरावांचं, कळंबला गुऱ्हाळ होतं. त्यांनी मला पाण्यानं विसळलं, उन्हात वाळवलं आणि पहिल्या कढईतली काकवी माझ्या गळ्यापर्यंत भरली. कळंब ते बारामती आणि बारामती ते कोऱ्हाळे बुद्रुक अशा दोन एसट्या बदलून कुशाबाई मला मांडीवर घेऊन सासरी आली. वाटेत कंडक्टर म्हणाला, "बाई, ती खाली ठेवा की." तर एकोणीस वर्षांची ती पोर म्हणाली, "न्हाय. म्हायेर हाय त्यात." तेव्हापासून मी स्वतःला कुणीतरी समजत आलेय.

त्या दिवसापासून दर हिवाळ्यात मोहनराव काकवी पाठवत आणि कुशाबाई मला भरत असे. कुशाबाईच्या नवऱ्याचं नाव भीमराव. आता गाव त्यांना आबा म्हणतं. आबांचा माझ्यावर भारी जीव. शेतातून आले की हातपाय धुवायच्या आधी झाकण काढून बोट बुडवणार, चाटणार आणि म्हणणार, "तुझ्या म्हायेरची काकवी म्हंजी काकवी. बाकीच्यांची नुसती रंगपंचमी." मग कुशाबाई खोटं खोटं रागवणार. असा माझा सुखाचा संसार होता. एका वर्षी काकवी आली नाही म्हणून कुशाबाईच्या सासूबाईंनी माझ्यात लिंबाचं लोणचं घातलं, तर कुशाबाई दोन दिवस जेवली नव्हती. तोच तो अपमान.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा. घरचा ऊस सगळा कारखान्याला जायचा आणि आबा सभासद असल्यामुळं दिवाळीला कारखान्याची साखर पोत्यातून घरी यायची. तर आमच्या घरात साखर म्हणजे ती. पांढरी, पोत्यातली, कारखान्याची. काकवीला कुणी कधी साखर म्हटलं नाही. काकवी म्हणजे ताकद, काकवी म्हणजे बाळंतिणीला द्यायची वस्तू, काकवी म्हणजे औषध. सगळं पुढं जे झालं ते या एका समजुतीवर झालं.

सहा वर्षांपूर्वी घरात सून आली. राजनंदिनी. जळोचीची पोर, बारामतीच्या एका शाळेत शिक्षिका. रोज सकाळी स्कूटीवरून जाते आणि संध्याकाळी साडेपाचला परत येते. तिचा नवरा सौरभ शेती बघतो. पोरगी वाईट नव्हती, खरं सांगायचं तर. सासूला आमच्याकडच्या रीतीनं आत्या म्हणायची आणि मान देऊन बोलायची. पण माहेराहून तिनं एक ओव्हन आणला होता. काचेच्या दाराचा, आत पिवळा दिवा लागणारा. तो दिवा लावून असा ऐटीत बसायचा की जसं काही चूल त्यानंच शोधून काढली! पहिल्या दिवसापासून माझं त्याच्याशी पटलं नाही. तरी तो खिडकीखाली आणि मी ओट्याच्या कोपऱ्यात, असं आमचं चाललं होतं.

आबांना आठ वर्षांपासून मधुमेह होता. सकाळ-संध्याकाळ गोळ्या घ्यायचे आणि गोळी घेतली की आपण मोकळे, असं समजून सगळं खायचे. बाजाराच्या दिवशी बारामतीला गेले की एका बेकरीत शिरायचे आणि काचेमागचं ते गोल, मध्ये भोक असलेलं, चॉकलेट लावलेलं प्रकरण दोन-दोन खायचे. डोनट म्हणतात त्याला. आबा 'भोकाचा पाव' म्हणायचे.

मागच्या दिवाळीनंतर तुटलेल्या उसाच्या रानात फिरताना एक टोकदार खोडका त्यांच्या चपलेतून आरपार उजव्या पायाच्या बोटात घुसला. अंगठ्याशेजारच्या बोटात. आणि मित्रांनो, आबांना ते कळलंच नाही! मधुमेहानं पाय बधिर झाले होते. दोन दिवसांनी राजनंदिनीला फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले, तेव्हा घरात आरडाओरडा झाला. बारामतीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. तिथं काय झालं ते सौरभनं घरी येऊन आईला सांगितलं, म्हणून मला कळलं.

"डॉक्टर म्हनले, तीन महिन्यांची सरासरी साखर अकरा टक्के आलीया, सातच्या आसपास पायजे. ती खाली आली न्हाय तर जखम भरायची न्हाय. आन जखम भरली न्हाय तर बोट काढावं लागंल. बोटावर थांबलं तर नशीब, म्हनले."

कुशाबाई वाकून आबांच्या पायाची पट्टी बघू लागली. आबा मात्र हसत म्हणाले, "धा बोटं हायेत की. येक गेलं तर नऊ ऱ्हात्यात." पण हसताना त्यांचा हात त्या पायावरून फिरत होता. ते मी पाहिलं.

त्याच संध्याकाळी राजनंदिनीनं पदर खोचला. साखरेचा डबा उचलून शेजारी देऊन टाकला. मी म्हटलं, बरं झालं, त्या पांढरीची खोड मोडली. मग ती माझ्याकडं वळली.

"आत्या, ही बरणी मी मागच्या खोलीत वर ठेवते. आबांच्या डोळ्यांसमोर नको."

"अगं, पर ती..." एवढंच कुशाबाई बोलली. पुढचा शब्द तिनं गिळला.

आणि माझी रवानगी झाली मागच्या खोलीत! उंच फळीवर, औषध फवारायच्या मोडक्या पंपाशेजारी, बियाण्याच्या रिकाम्या पिशव्यांत. एकेचाळीस वर्षं जिच्यात आबांचं बोट बुडत होतं तिची ही किंमत. तेवढंच असतं तर मी गप्प राहिले असते हो. पण दाराच्या फटीतून मला ओटा दिसत होता. माझ्या कोपऱ्यात, माझ्याच जागेवर, माझ्या बुडाचा गोल डाग पुसून तिनं तो ओव्हन आणून बसवला. माझ्या सगळ्या अंगाची लाही लाही झाली. मी तिथंच ठरवलं, राजनंदिनीबाई, याचा वचपा काढल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

राजनंदिनीचं म्हणणं साधं होतं. नुसतं 'खाऊ नका' म्हटलं तर आबा चोरून बेकरीत जाणार. मग घरीच असा डोनट करायचा की ज्यात साखरही नाही आणि मैदाही नाही. तिची जळोचीची मैत्रीण झोया घरून केक करून विकते. तिच्याशी फोनवर बोलत बोलत हिनं जुळवाजुळव केली. घाण्यावरून तेल काढलेल्या शेंगदाण्याची पेंड आणून ती दळली. त्यात बदामाचं पीठ, जवसाची पूड, अंडी, घट्ट दही आणि गोडीला स्टीव्हिया नावाच्या पाल्याची चिमूटभर पूड. सहा खळग्यांचा रबरी साचा. पहिला घाणा असा निघाला की सौरभनं तो फरशीवर आपटला आणि फरशी बघितली. दुसऱ्याला अंड्याचा वास. मी फळीवर खूश! पण ती पोरगी हटेना. तिसऱ्यांदा तिनं दही वाढवलं, दालचिनी घातली, आणि ओव्हन आधी चांगला तापवून घेतला. सहा डोनट टम्म फुगून बाहेर आले. घरभर खमंग वास सुटला.

गावात मात्र बातमी वेगळीच गेली. शेजारचे सोपानतात्या दारात येऊन म्हणाले, "काय भीमराव, सून पेंड घालती म्हनं तुमाला? दूध वाढलं का?"

सगळी आळी हसली. पेंड आमच्याकडं म्हशी खातात ना! राजनंदिनीचं तोंड लाल झालं, पण ती म्हणाली, "तात्या, तुमची पण साखर तपासून घ्या. मग तुमच्यासाठी पण एक साचा वाढवते." तात्या निघून गेले.

ठरलं असं. सोमवारी आणि गुरुवारी पहाटे ती सहा-सहा डोनट भाजून स्टीलच्या डब्यात ठेवायची. रोज चार वाजता बिनसाखरेच्या चहाबरोबर कुशाबाईनं आबांना एक द्यायचा. कारण चार वाजता राजनंदिनी शाळेत असायची. जिथं पहारेकरी घरात नाही, तिथं माझं फावणारच होतं.

पहिले सात-आठ दिवस आबांनी मुकाट्यानं खाल्ला. मग एक दिवस तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून बसले.

"कुशे, सून लय कष्टानं करती गं. पर घशाखाली उतरंना. गोड लागतंय, पर खोटं गोड."

कुशाबाईचा जीव तुटला. ती उठली, मागच्या खोलीत आली, स्टुलावर चढली आणि तिनं दोन्ही हातांनी मला खाली घेतलं. आहाहा! त्या हातांची ऊब! मी मनात म्हटलं, आली वेळ.

आबा दचकले. "अगं, डाक्टरनं बंद सांगितलंय न्हवं?"

"डाक्टर काय म्हनला? साखर बंद. काकवीचं नाव तरी घेतलं का त्यानं? ही कारखान्याची हाय व्हय? माज्या भावाच्या कढईतली हाय. बाळंतिनीला देत्यात, मानूस उठून बसतं. जखम भरायला ताकद नगं?"

"ते बी खरंच हाय," आबा म्हणाले. त्यांना तर तेच ऐकायचं होतं.

कुशाबाईनं पितळी वाटीत काकवी ओतली आणि तो डोनट उलटा करून तिच्यात बुडवला. त्या पेंडीच्या गोळ्यानं मला घटाघटा पिऊन घेतलं. आबांनी घास घेतला, डोळे मिटले आणि बोट चाटलं. "आता कसं!" म्हणाले. मग कुशाबाईनं वाटी घासली, मला पुसून परत फळीवर ठेवलं आणि म्हणाली, "सूनबाईला सांगू नगा. उगं ज्यास्त शिकल्याली पोरगी, काळजी करत बसती."

बघा हं, तिच्या मनात पाप नव्हतं. कणभरही नव्हतं. पाप माझ्या मनात होतं. मला ठाऊक होतं मी काय आहे. उसातून जे पोत्यात जातं, तेच माझ्या पोटात येतं. फक्त माझा रंग वेगळा आणि माझं माहेर कळंबचं. मी सगळं जाणून होते आणि गप्प होते. रविवार सोडला तर रोज चार वाजता मी खाली उतरायचे आणि मनात म्हणायचे, ये गं राजनंदिनी, कर तुझे डोनट, फुगव, भाज. तुझ्याच हातानं केलेल्या वस्तूत बसून मी तुझं नाक कापणार आहे.

आणि कापलं! दीड महिन्यानं सगळे बारामतीला गेले. जखम भरायच्या ऐवजी कडेनं काळी पडली होती. डॉक्टरांनी विचारलं, खाण्यात काय देता? राजनंदिनीनं मोठ्या विश्वासानं डोनटचं सांगितलं. डॉक्टर भडकले म्हणे. मधुमेहाच्या माणसाला डोनट? कुठल्या व्हिडिओत बघितलं? आठ दिवस बघू, नाहीतर बोट काढावं लागेल.

घरी आल्यावर सौरभनं तो रबरी साचा उचलून अंगणात भिरकावला. "बंद कर हे नाटक! माझ्या बापाचा पाय म्हंजी काय तुझी प्रयोगशाळा हाय?"

आणि कुशाबाई? तीही अगदी मनापासून म्हणाली, "मी म्हनतच हुते. त्या पेंडीच्या वड्यानंच घात केला. आमच्यात कुनी खाल्लंय का आसलं कधी?"

राजनंदिनी अंगणात गेली, साचा उचलला, मागच्या खोलीत आली आणि दार लोटून माझ्या फळीखाली उभी राहून रडली. तोंडात पदर कोंबून, आवाज न करता. मी वरून सगळं बघत होते. सांगू का मला काय वाटलं? गार वाटलं. पोटभर गार वाटलं. माझ्या जागेवर ओव्हन बसवतेस काय? रड.

पण ती पोरगी शिक्षिका आहे ना! रडून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि स्वतःशीच म्हणाली, "माझं चुकलंय का ते आधी बघू." दुसऱ्या दिवशी रविवार होता. शाळेला सुट्टी. चार वाजता तिनं आबांच्या बोटाला सुई टोचून घरातल्या मशीनवर साखर मोजली. एकशे शहाण्णव. मग स्वतः समोर बसून त्यांना अख्खा डोनट खायला लावला. कोरडा. आबा कुशाबाईकडं बघत होते, कुशाबाई जमिनीकडं. सहा वाजता तिनं पुन्हा मोजली. दोनशे चार.

"आत्या, बघा. डोनटनं काही झालं नाही," ती म्हणाली. "आठनं वाढली म्हणजे काहीच नाही. मग एवढी साखर येते कुठून?"

"मशीन बिघडलं आसंल," कुशाबाई म्हणाली. खरंच, तिला तसंच वाटत होतं.

इथं मी शहाणपणानं दोन दिवस दम धरायला हवा होता. पण सूड डोक्यात गेला की बरणीलाही अक्कल राहत नाही. सोमवारी चार वाजता कुशाबाई लगबगीनं आली. काल नवऱ्याला कोरडं खावं लागलं याचं तिला वाईट वाटत होतं. तिनं वाटी काठोकाठ भरली. आणि मी? मी अशी उधळले, अशी आनंदानं ओसंडले की टवक्यातून माझ्याच पोटावर एक जाड ओघळ आला. झाकण तिरकं बसलं. कुशाबाईनं घाईत मला तशीच फळीवर ठेवली. ओघळ फळीवरून भिंतीवर उतरला. मला तो माझ्या विजयाचा झेंडा वाटला.

साडेपाचला राजनंदिनी आली. आबांच्या खाटेखाली रिकामी पितळी वाटी राहिली होती आणि ती मुंग्यांनी काळी झाली होती. ती तिथंच खाली बसली. उठून ओट्यावरचा डोनटचा डबा उघडला. पाच डोनट, एकही मुंगी नाही. पुन्हा खाली बसली. वाटीपासून मुंग्यांची रांग निघाली होती. ती रांगेबरोबर चालत आली. खाटेखालून, उंबऱ्यावरून, मागच्या खोलीत, भिंतीवरून वर. मी बघत होते, आणि ती मान वर करून माझ्याकडं बघत होती. माझ्या पोटावर मुंग्या चालत होत्या. बाई गं! त्या क्षणी मला पळता आलं असतं तर मी पळाले असते.

तिनं मला खाली घेतलं. झाकण काढून आत पाहिलं. दिवाळीत गळ्यापर्यंत असलेली काकवी बुडाशी आली होती. मग ती मला घेऊन कुशाबाईसमोर गेली.

"आत्या, आबांना हे देत होता?"

"व्हय. का?"

"डॉक्टरांनी साखर बंद सांगितली होती ना?"

"मग साखर कुठं दिली?" कुशाबाई उसळली. "काकवी दिली. म्हायेरची. चांगली ताकद यावी म्हनून दिली."

राजनंदिनी ओरडेल असं मला वाटलं. माझी तशी फार इच्छा होती. पण तिनं मशीन काढलं, आबांचं बोट टोचलं आणि आकडा सासूच्या डोळ्यांपुढं धरला. तीनशे एक्केचाळीस. "काल कोरडा डोनट खाल्ला तेव्हा दोनशे चार होती. आज त्याच डोनटबरोबर काकवी होती. आत्या, कारखान्याची साखर आणि ही एकाच उसाची आहेत हो."

कुशाबाईनं आकडा पाहिला. मग आबांचा बांधलेला पाय पाहिला. आणि तिचा आवाज अगदी बारीक झाला. "म्हंजी मीच... मीच घातलं व्हय गं? माज्या हातानं?"

आबा म्हणाले, "तू येकटी न्हाय. मी बी चाटली की." पण ते हसत नव्हते.

डॉक्टरांनी दिलेले आठ दिवसही भरले नाहीत, तिसऱ्याच दिवशी बोट काढलं.

मित्रांनो, मी सूड राजनंदिनीवर उगवायला निघाले होते. तिच्या नाकाला साधा ओरखडाही आला नाही. बोट गेलं आबांचं. ज्यांनी एकेचाळीस वर्षं माझ्यात बोट बुडवलं, ज्यांच्यासाठी मी माझी जागा परत मागत होते, त्यांचंच. माझ्या पोटातला सगळा गारवा त्या दिवशी आटला.

आबा दवाखान्यातून घरी आले त्या दुपारी कुशाबाई मागच्या खोलीत आली. मला वाटलं, भरायला आली. तिनं मला कवेत उचललं, अंगणात नेलं आणि धुणं धुवायच्या दगडासमोर दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरलं. जिच्या मांडीवर बसून मी माहेर घेऊन आले, तीच बाई मला फोडायला निघाली होती. "कैदाशिनी," ती मला म्हणाली, "माज्या मान्साचं बोट खाल्लंस तू!"

खरं सांगते, फोडलं असतं तर मी सुटले असते.

पण राजनंदिनी धावत आली आणि तिनं मला वरच्यावर धरलं. "आत्या, फोडू नका. तुमच्या माहेरची आहे."

"आसू दे! मला नगं आसलं म्हायेर!"

"नको कसं? मला हवीय ती," राजनंदिनी म्हणाली आणि माझ्याकडं बघून किंचित हसली. त्या हसण्यानं माझ्या काठाचा टवका पुन्हा दुखला. मला वाटलं, या बाईनं मला केव्हाच ओळखलंय.

तिनं मला कढत पाण्यानं आणि सोड्यानं घासलं. एकदा नाही, चार वेळा. काथ्या आत घालून कोपरापर्यंत हात फिरवला. एकेचाळीस वर्षांचा कळंबचा वास मोरीतून वाहून गेला. चार दिवस मला उन्हात पालथी घातली. पाचव्या दिवशी तिनं मला ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलं. माझ्या जुन्या जागेला लागून, ओव्हनच्या अगदी शेजारी! माझा जीव हरखला. आणि मग तिनं एक पिशवी फोडून माझ्या पोटात ओतायला सुरुवात केली.

शेंगदाण्याच्या पेंडीचं पीठ. गळ्यापर्यंत.

असा सूड घ्यायचा असतो! ना शिवी, ना आदळआपट. मला तर ते जमलं नाही. आता सोमवारी आणि गुरुवारी पहाटे तो पिवळा दिवा माझ्या शेजारी लागतो आणि माझ्यातलं पीठ मोजून घेऊन सहा डोनट भाजले जातात. पीठ कुशाबाई काढते, मळतेही तीच. सून फक्त ओव्हनचा काटा फिरवते. सोपानतात्याही अधूनमधून एक मागून नेतात, आणि म्हशीचा विषय काढत नाहीत. चैत्रात डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासलं. सरासरी सात पूर्णांक सहा. जखम भरली, पाय वाचला. डॉक्टरांनी डोनट कसा करता ते विचारून घेतलं म्हणे. सौरभनं त्या दिवशी बायकोसाठी नवा साचा आणला आणि तिच्या हातात दिला. "चुकलो मी," एवढंच म्हणाला.

मी अजून रागीटच आहे, ते काही जात नाही. कधी कधी मनात येतं, ओल धरावी, हे पीठ खवट करून टाकावं. पण मग चार वाजतात. आबा नऊ बोटांच्या पायांनी स्वैपाकघरात येतात. डावा पाय सरळ पडतो, उजवा जरा कलता. जुन्या सवयीनं त्यांचा हात माझ्या झाकणाकडं जातो, बोट आत जातं आणि पिठात बुडतं. ते बोट बघतात, धोतराला पुसतात आणि हळूच म्हणतात, "ऱ्हाऊ दे." मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवशी मी पीठ अगदी कोरडं ठेवते.

बाकीच्या वस्तू तुम्हाला सांगतात, मुलांनो, आम्हाला जपा. मी तसं सांगणार नाही. तुमच्या घरात कुणाला आजारपण असेल तर त्या माणसाला जपा. एखादी जुनी, लाडकी, माहेरची वस्तू त्यासाठी फळीवर जाऊन बसली असेल, तर तिला तिथंच बसू द्या. तिची दया येऊन चोरून खाली काढू नका. ती वरून सगळं ऐकत असते आणि मनात काय काय धरून बसलेली असते, ते तुम्हाला कळत नाही.

आणि तिचं तोंड बांधून ठेवा. माझं कुशाबाई रोज रात्री बांधते. झाकणावर फडकं घालते आणि सुतळीच्या दोन गाठी मारते. दुसरी गाठ ती जरा जास्तच ओढते.